माळवा विभागाची फ्रँचायझी देणारे इंदूरमधील एक कार्यालय

माझ्या भाच्याने पलासिया भागातील एका कार्यालयाकडून चहा-नाश्त्याच्या एका साखळीची फ्रँचायझी घेतली, आणि कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. हे कार्यालय त्या साखळीचे ‘मास्टर फ्रँचायझी’ आहे, म्हणजे मूळ कंपनीकडून विभागाचे हक्क घेऊन ते पुढे दुकानदारांशी स्वतःच्या नावाने करार करते. केवळ गाठ घालून देऊन कमिशन घेणारा दलाल वेगळा, आणि ठरलेल्या मुदतीत स्वतःच दुकाने उघडण्याची हमी देणारा ‘एरिया डेव्हलपर’ वेगळा. यांत गल्लत झाली, तर पुढे दाद कोणाकडे मागायची हेच कळत नाही.

कार्यालयाची सेवा चांगली आहे. आम्ही पसंत केलेल्या गाळ्यासमोर त्यांचा माणूस सकाळ-संध्याकाळ उभा राहिला आणि दुचाक्या लावायला जागा नाही म्हणून त्याने तो गाळा नाकारला. त्यात त्यांचीच फी लांबणीवर पडणार होती. देवास नाक्याच्या गोदामातून माल वेळेवर येतो. फी व रॉयल्टीवरील १८ टक्के जीएसटी कोटेशनमध्येच वेगळा दाखवला होता.

मूळ कंपनीशी झालेला करार दाखवायला मात्र त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही आणि अमेरिकेप्रमाणे आधी माहितीपत्रक देण्याची सक्तीही नाही. सगळी भिस्त १८७२ च्या करार कायद्यावर आणि कागदावर लिहिलेल्या कलमांवर असते. दुकानदाराचा करार मास्टर फ्रँचायझीशी असल्यामुळे तिचा हक्क संपला की मूळ कंपनी त्या दुकानदाराला आपोआप बांधील राहत नाही. मॅकडोनाल्ड्सने २०१७ मध्ये उत्तर व पूर्व भारतातील भागीदार कंपनीचे १६९ दुकानांचे करार रद्द केले होते; एवढ्या मोठ्या नावाच्या बाबतीत हे घडते, तर एका गाळ्याच्या दुकानदाराने अधिकच जपायला हवे.

अखेर संबंधित पाने हाती आली, तेव्हा त्यांच्या हक्काची मुदत आमच्या कराराच्या आधीच संपत असल्याचे दिसले. तसे झाल्यास उरलेल्या काळासाठी कंपनी थेट आमच्याशी करार चालू ठेवील, असे कंपनीच्या सहीचे पत्र आम्ही मागितले, आणि कार्यालयाने ते खटपट करून मिळवून दिले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

अनामत रकमेचे कलम मात्र अजूनही मोघम आहे: रक्कम कार्यालयाच्या खात्यात राहते, पण ती किती दिवसांत परत मिळेल याचा उल्लेख नाही. इथे जाणाऱ्यांनी चेक देण्यापूर्वी ती मुदत लिहून घ्यावी.