जुनी मांजर-उंदीर कॉमिक्स घ्यायची आहेत? टॉम-जेरी, हरमन-कॅटनिप की क्रेझी कॅट

पडद्यावरचे टॉम आणि जेरी जवळजवळ बोलतच नाहीत. तिथली सगळी गंमत वेगात आणि स्कॉट ब्रॅडलीच्या संगीतात आहे. छापील पानावर यातलं काहीच नसतं. म्हणून जुन्या अमेरिकन मांजर-उंदीर कॉमिक्समध्ये पैसे घालायचे असतील, तर मी आधी एकच गोष्ट बघते: पळापळ आणि संगीत गेल्यावर चित्रकाराने त्यांच्या जागी काय आणलं? तिन्ही मालिकांनी यावर वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, आणि तुम्ही कोणती घ्यावी हे बरंचसं त्यावरच ठरतं.

डेल कंपनीच्या टॉम अँड जेरीपासून सुरुवात करू. खरेदी करणारे बहुतेकजण पहिला अंक शोधत बसतात आणि तिथेच अडतात, कारण या नावाचा पहिला क्रमांक निघालाच नाही. हे दोघे 1942 पासून ‘अवर गँग कॉमिक्स’ या मासिकात होते. त्यांची लोकप्रियता वाढत गेली आणि जुलै 1949 मध्ये मासिकाचं नावच बदललं, क्रमांक मात्र पुढे चालू राहिला. त्यामुळे ‘टॉम अँड जेरी कॉमिक्स’चा सुरुवातीचा अंक 60 वा आहे. डेलने 1962 पर्यंत तो चालवला, मग ‘गोल्ड की’ या प्रकाशन-नावाखाली तीच मालिका पुढे निघाली.

कागदावर हे दोघे भरपूर बोलतात. पहिल्या दोन पानांत थोडं बिचकायला होतं, पण ते लवकरच अंगवळणी पडतं. जेरीसोबत लंगोटातला छोटा टफी असतो (पडद्यावर सुरुवातीला निबल्स म्हणून आलेला तोच), आणि खरी करामत इथे आहे. एकटा उंदीर नुसता पळू शकतो, दोन उंदीर बेत आखू शकतात. त्यामुळे गोष्टीला पाठलागापेक्षा कटकारस्थानाचा आकार येतो. टॉम काय करणार, यांनी काय ओळखलं, मग टॉमने ते कसं उलटवलं, अशी एकमेकांवरची कुरघोडी पान उलटायला लावते.

हार्वी आयझेनबर्गची चित्रं हे माझ्या मते या मालिकेवर पैसे खर्च करण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. तो एमजीएम स्टुडिओत टॉम-जेरीचे जन्मदाते हॅना आणि बार्बेरा यांच्याकडे लेआउटचं, म्हणजे दृश्यांच्या मांडणीचं, काम करत असे, त्यामुळे ही पात्रं त्याच्या हातात भिनलेली होती. एखादी साधी चौकट निरखून पाहा: दबा धरून बसलेल्या टॉमच्या पाठीपासून शेपटापर्यंत एकच सलग रेषा जाते आणि तो पुढच्या क्षणी कुठे झेपावणार हे तिच्यावरूनच कळतं. वेग दाखवायला त्याला फराट्यांची गर्दी करावी लागत नाही. 1950 च्या आसपासचे अंक जाडही आहेत आणि टॉम-जेरीखेरीज बार्नी बेअरसारखी पात्रंही त्यांत येतात. ‘गोल्ड की’चे नंतरचे अंक सहज मिळतात, पण त्यांत जुन्या गोष्टी पुन्हा छापलेल्या बऱ्याच आहेत आणि नवी चित्रं पुष्कळदा निर्जीव वाटतात. फक्त स्वस्त आहेत म्हणून ते घेऊ नका.

हार्वी कॉमिक्सचे हरमन आणि कॅटनिप ही दुसरी जोडी. (प्रकाशक हार्वी आणि चित्रकार हार्वी आयझेनबर्ग यांचा घोटाळा करू नका, सारखं आहे ते फक्त नाव.) ही पात्रं फेमस स्टुडिओजच्या कार्टूनपटांतली. हरमन हा हुशार, बेरकी उंदीर. आपल्या उंदीर भावंडांना कॅटनिपच्या तावडीतून सोडवणं हे त्याचं काम. कार्टूनपटांतली मारहाण खूपच आडदांड होती. हार्वीने 1954 नंतर कॉमिक्स कोडचा (प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या मजकूर-नियमांचा) शिक्का स्वीकारला आणि कागदावरचा मामला सौम्य राहिला. डेलने तो शिक्का कधीच घेतला नाही, आपल्याच मासिकांत पालकांना चांगल्या कॉमिक्सचं वचन छापून मोकळी झाली.

या गोष्टी चार-पाच पानांत आटोपतात. जाड रेषा, मोकळी पार्श्वभूमी, एक युक्ती आणि शेवटी कॅटनिपची फजिती. नुकतं इंग्रजी वाचायला लागलेल्या मुलासाठी हे अगदी योग्य आहे. मोठ्या वाचकाला तिसऱ्या गोष्टीनंतर पुढचं सगळं आधीच दिसू लागतं. शिवाय या जोडीच्या गोष्टी बऱ्याचदा इतर पात्रांच्या मासिकांत पुरवणीसारख्या येतात, म्हणजे हव्या त्या पानांसाठी नको असलेला अंक विकत घ्यावा लागतो. मला वाटतं, लहान मूल घरात नसेल तर ही जोडी सोडून द्यावी.

क्रेझी कॅटला या दोघांच्या रांगेत बसवणं थोडं अन्यायाचं आहे, कारण जॉर्ज हेरिमनचं हे काम मुळात वर्तमानपत्रातलं. 1913 ते 1944, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत ते चाललं. इथे मांजर उंदरामागे धावतच नाही. इग्नाट्झ उंदीर क्रेझीच्या डोक्यात वीट घालतो, क्रेझीला ती प्रेमाची खूण वाटते, आणि क्रेझीवर जीव असलेला पोलीस कुत्रा उंदराला तुरुंगात टाकतो. तीस वर्षं एवढंच. मागे ॲरिझोनातलं कोकोनिनोचं वाळवंट असतं, आणि दोघे जागचे न हलता बोलत असतानाही चौकटीगणिक मागचा डोंगर झाड होतो, दिवसाची रात्र होते. पात्रांच्या जागी भोवतालचं जग धावतं. पळापळीला याहून सुंदर उत्तर मी कुठल्याही कॉमिकमध्ये पाहिलेलं नाही.

पण क्रेझीची इंग्रजी वेडीवाकडी, कानाने लिहिलेली आहे. मोठ्याने वाचल्याशिवाय ती उलगडत नाही, त्यामुळे मुलांना देऊ नका. आणखी एक सावधगिरी: डेलने 1951 पासून याच नावाची कॉमिक्स काढली, पण तेव्हा हेरिमन हयात नव्हता. नाव पाहून ती मागवलीत तर हवं ते हाती लागणार नाही. घ्यायचंच तर फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेने रविवारच्या पानांचे काढलेले संग्रह घ्या. त्याआधी चव बघायला सुरुवातीच्या वर्षांची पानं इंटरनेटवर आहेत. अमेरिकेत ती आता कॉपीराइटमुक्त आहेत.

माझा सल्ला स्पष्ट आहे. एकच मालिका घ्यायची तर डेलचे 1949 ते 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे टॉम अँड जेरी घ्या, दोन-तीन अंकच, पण वाचण्यासाठी. अमेरिकन विक्रेते अवस्था दहापैकी गुणांनी सांगतात आणि ‘व्हेरी गुड’ म्हणजे तिथे फक्त 4 गुण: घड्या पडलेला, कडा झिजलेला, पण सगळी पानं शाबूत असलेला अंक. वाचायला तोच उत्तम. प्लास्टिकच्या पेटीत सील केलेली प्रत उघडता येत नाही, तिच्यावर पैसे घालवू नका. साध्या अंकापेक्षा टपालखर्च जड होऊ शकतो आणि वर सीमाशुल्कही लागू शकतं, म्हणून दोन-तीन अंक एकाच विक्रेत्याकडून एकत्र मागवा. मधलं पान आणि कूपन कापलेलं नाही ना, एवढं आधी विचारून घ्या.

हा कागद न्यूजप्रिंटचा, आम्लामुळे पिवळा पडणारा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याला बुरशी आणि कसर लवकर लागते. जुने अंक आजच्या अमेरिकन कॉमिक्सपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पिशवी ‘गोल्डन एज’ मापाची घ्या, मागे आम्लरहित पुठ्ठा घाला आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका.