ओळीमागचे कारण कुठे लिहावे: कॉमेंटमध्ये की कमिट मेसेजमध्ये?

कोडमधील ओळ काय करते हे ती ओळच सांगते. ती तशी का लिहिली, याची नोंद ओळीलगतच्या कॉमेंटमध्ये (कोडमध्येच माणसांसाठी लिहिलेल्या टिपेत) ठेवावी की कमिट मेसेजमध्ये (कोडमधला बदल, म्हणजे कमिट, नोंदवताना त्यासोबत लिहिलेल्या मजकुरात), यावर मात्र मतभेद आहेत. मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे.

कमिट मेसेजची बाजू कमकुवत नाही. तो त्या वेळच्या बदलाशी जोडलेला असल्यामुळे पुढे कोड बदलला तरी खोटा ठरत नाही, आणि बदल अनेक फाइलींत पसरलेला असला तरी कारण एकदाच लिहून भागते. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या कोडमध्ये, दोन ओळींच्या दुरुस्तीला दोन परिच्छेदांचा मेसेज असणे नवलाचे नाही, आणि तिथे ती शिस्त उत्तम चालते.

माझे मत ठरले ते एका त्रासामुळे. पेमेंटच्या एका प्रकल्पात बँकेकडे व्यवहाराची स्थिती विचारण्याआधी प्रोग्रॅम तीन सेकंद थांबत असे, आणि वेग वाढवायला निघालेल्या प्रत्येकाला ती ओळ काढून टाकावीशी वाटे. कारण शोधण्यासाठी गिट ब्लेम (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधील, प्रत्येक ओळ शेवटची कोणत्या कमिटमध्ये बदलली हे दाखवणारी आज्ञा) चालवले, तर त्या ओळीवर ‘फॉरमॅटिंग’ एवढाच मेसेज असलेला कमिट. त्यामागे फाइल हलवल्याचा कमिट. आणि त्याच्याही मागे स्क्वॉश केलेला मर्ज, म्हणजे अनेक कमिट एकात दाबून मुख्य कोडमध्ये मिसळलेले, ज्यात मूळ मजकूर उरलाच नव्हता. 2019 मधील गिट 2.23 पासून असे फॉरमॅटिंगचे कमिट ब्लेममधून वगळता येतात, हे खरे. परंतु त्यांची यादी कुणीतरी सांभाळावी लागते, प्रत्येकाला आपल्या मशीनवर सेटिंग करावे लागते, आणि स्क्वॉशमध्ये गेलेला मजकूर त्यानेही परत येत नाही. कारण अखेर जुन्या ईमेलमध्ये सापडले. आता त्या ओळीवर कॉमेंट आहे: ‘लगेच विचारल्यास बँक यशस्वी व्यवहारालाही अपयशी म्हणते, म्हणून थांबायचे.’

कॉमेंट शिळी होते, हा आक्षेप मला मान्य आहे. तथापि गिटच्या डिफमध्ये, म्हणजे काय बदलले हे दाखवणाऱ्या मजकुरात, बदललेल्या ओळीच्या वरच्या-खालच्या तीन ओळी दिसतातच, त्यामुळे लगतची कॉमेंट रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. कमिट मेसेज मात्र ज्याला शंका येते तोच उघडतो, आणि ओळ पुसणाऱ्याला बहुधा शंका आलेलीच नसते.

काटेकोर रिव्ह्यू असलेल्या आणि स्क्वॉश टाळणाऱ्या टीमचा अनुभव कदाचित वेगळा असेल. तपासून नाकारलेले पर्याय मीही कमिट मेसेजमध्येच लिहितो, कारण ते कॉमेंटमध्ये घातले तर मूळ फंक्शन वाचणेच अवघड होते.