तेर्लानर क्लासिको: दहा टक्क्यांनी फसवणारी व्हाइट वाइन

तेर्लानरबद्दल हमखास ऐकू येणारी तक्रार अशी, की वास झकास, पण तोंडात गेली की पाणचट. तक्रार करणाऱ्याच्या ग्लासला हात लावून पाहिला तर बहुधा उत्तर तिथेच मिळतं. काचेला घाम फुटलेला असतो, वाइन चार-पाच अंशांवर असते, म्हणजे फ्रीजमधून काढून थेट ओतलेली. इतक्या गारठ्यात ही वाइन आपला दहा टक्केच भाग दाखवते.

हे दहा टक्के हिशेबाचेच आहेत. तेर्लानर तीन जातींच्या द्राक्षांची मिळून होते: कान्तिना तेर्लानो या उत्पादक संस्थेच्या या मिश्रणात ६० टक्के पिनो बिआंको, ३० टक्के शार्दोने आणि १० टक्के सोविन्यॉन ब्लांक असतं. सोविन्यॉनचे सुगंधी घटक इतके तीव्र, की अगदी थोडे असले तरी नाकाला कळतात आणि गारव्यातही ते पुरते दबत नाहीत. पिनो बिआंकोचं तसं नाही. ते मुळात अबोल द्राक्ष, गार पडलं की आणखी मिटतं. म्हणून पहिल्या घोटाला सोविन्यॉनचा हिरवा वास येतो, त्यामागे काहीच सापडत नाही, आणि माणूस बाटलीला नावं ठेवतो.

तेर्लानो हे गाव इटलीच्या उत्तर टोकाला, आल्तो आदिजेमध्ये, बोल्झानो आणि मेरानो यांच्या दरम्यान आदिजे नदीच्या खोऱ्यात आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे लेबलवर आजही जर्मन आणि इटालियन दोन्ही दिसतात. कान्तिना तेर्लानो ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, स्थापना १८९३ची. सहकारी म्हटलं की स्वस्त आणि ढिसाळ माल, असा जो समज असतो तो इथे बाजूला ठेवावा. आल्तो आदिजेतल्या उत्तम व्हाइट वाइनपैकी बऱ्याच अशाच संस्थांमधून येतात. या भागात बाटलीवर सहसा एकाच द्राक्षाचं नाव असतं. तेर्लानर मात्र गावाच्या नावाने विकली जाते, कारण तिच्यात कोणतंच द्राक्ष नाव मिरवण्याइतकं नाही: युरोपीय नियमाने लेबलवर एकट्या द्राक्षाचं नाव घालायचं तर ते किमान ८५ टक्के असावं लागतं.

मळ्यांखाली लालसर पॉर्फिरी, म्हणजे ज्वालामुखीचा खडक आहे. या वाइनमधल्या किंचित खारट शेवटाचं श्रेय सगळे त्या खडकाला देतात. खडकाची चव मुळांवाटे द्राक्षात उतरते हे काही सिद्ध झालेलं नाही. पाण्याचा चटकन निचरा करणारी हलकी जमीन, उतारावरचं ऊन आणि रात्रीचा गारवा एवढ्यानेही पुरेसा खुलासा होतो. खारटपणा मात्र खरा आहे.

तिन्ही द्राक्षं वेगवेगळी आंबवतात आणि नंतर मिसळतात. बहुतांश वाइन स्टीलच्या टाकीत आणि साधारण पाचवा हिस्सा मोठ्या लाकडी पिंपांत, यीस्टच्या बारीक गाळावर काही महिने मुरते. पिंपं मोठी असल्यामुळे लाकडाची चव चढत नाही. व्हॅनिला शोधायला जाल तर निराश व्हाल. पिंपांमधल्या भागात सफरचंदासारखं तीक्ष्ण आम्ल काही प्रमाणात ताकातल्यासारख्या मऊ आम्लात बदलतं आणि गाळामुळे वाइनला अंग येतं. साखर जवळजवळ नाहीच, अल्कोहोल तेराच्या पुढे.

आता चाखणं. बाटली फ्रीजमधून ग्लासात ओतण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढावी; महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटं पुरे. दहा ते बारा अंश हे खरं तापमान. थर्मामीटर नसेल तर खूण सोपी: बाटली हाताला गार लागावी, पण बोटं बधिर करू नये. ग्लास मध्यम पोटाचा घ्यावा, अरुंद उभट नको, आणि एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. आधी न हलवता वास घ्या. हिरवं सफरचंद, लिंबाच्या सालीचा कडवटपणा, पुदिना किंवा गवती चहा यांच्या जवळ जाणारं काहीतरी, हे सोविन्यॉन. मग ग्लास फिरवून पाचेक मिनिटं सोडून द्या. दुसऱ्या वासाला पीच आणि पिकलेलं नासपती पुढे येतं, हिरवेपणा मागे सरतो. घोट घेतल्यावर जिभेच्या मध्यभागी जो भरीवपणा जाणवतो तो शार्दोनेचा. गिळल्यानंतर दोन्ही गालांच्या आत सुटणारं पाणी आणि तो खारट शेवट पिनो बिआंकोचा, आणि या बाटलीचे पैसे त्यासाठीच मोजायचे. ग्लास अर्ध्या तासाने, बारा अंशांच्या आसपास, सर्वांत चांगला लागतो. पंधरा-सोळाच्या वर गेला की अल्कोहोल बोचायला लागतं. मग बाटली परत पाणी-बर्फाच्या बादलीत, पण पाचच मिनिटं.

उघडल्या उघडल्या कधी विझलेल्या काडेपेटीचा वास येतो. घाबरू नका, हवेशिवाय मुरलेल्या तरुण वाइनमध्ये तो असू शकतो आणि ग्लास फिरवला की जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास वेगळा. तो फिरवून जात नाही, उलट वाढतो. ते बूच खराब असल्याचं लक्षण आणि बाटली परत करण्याचं रास्त कारण. रंग फिकट पोपटी-पिवळा असायला हवा. दोन-तीन वर्षांच्या बाटलीत तो गडद सोनेरी दिसला आणि कापलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदाचा वास आला, तर ती बहुधा कुठल्या तरी गोदामात उष्म्याने शेकली आहे. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी.

वसंतात तेर्लानोत शतावरीचे, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचे, पांढरे कोंब निघतात. ते उकडलेल्या अंड्याच्या सॉसबरोबर खातात आणि सोबत ही वाइनही जमते. शतावरीपुढे भल्याभल्या वाइन पत्र्यासारख्या लागतात. इथे सोविन्यॉनचा तो हिरवा दशांश कामाला येतो. आपल्या ताटात तिला वाफवलेलं किंवा नुसत्या मीठ-लिंबावर तव्यात परतलेलं पापलेट मानवतं. मालवणी तिखल्याबरोबर उघडू नये. मिरचीमुळे अल्कोहोल जाळतं, कोकमाच्या आंबटापुढे वाइनची आम्लता आडवी पडते, आणि दोन्हींचं नुकसान होतं.

युरोपात ती साधारण पंधरा ते वीस युरोंना मिळते आणि त्या पैशांत तिच्या तोडीची मिश्र व्हाइट वाइन शोधावी लागेल. भारतात आयात शुल्क धरून जी किंमत होते, तिला ती रोजची बाटली उरत नाही; मराठी वाचकांपैकी जे म्युनिक-झुरिककडे राहतात त्यांचं नशीब. तीच तीन द्राक्षं घेऊन हीच संस्था नोव्हा डोमुस नावाची रिझेर्व्हा करते, लाकडात जास्त काळ मुरवलेली आणि दुप्पट-तिप्पट किमतीची. ती आजच प्यायची असेल तर घेऊ नये, चार-पाच वर्षं ठेवण्याची तयारी हवी. क्लासिकोही वाटते तितकी अल्पायुषी नाही. सेबास्तियन स्टॉकर इथले मुख्य वाइनकार होते तेव्हापासून जुन्या व्हाइट वाइन राखून ठेवण्याची इथे परंपरा आहे. तरी क्लासिकोला सुगीपासून दोन ते पाच वर्षं हा माझ्या मते योग्य काळ. पहिल्या वर्षी सोविन्यॉन फारच बडबडतं.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा बरी लागण्याची शक्यता मोठी. चौथ्या दिवशी उरलं असेल तर लसूण आणि थोड्या तेलावर शिंपल्या वाफवताना अर्धी वाटी ओतावी. मीठ शेवटी, चव घेऊनच.