पट्टणकोडोलीची घोंगडी हॉलमध्ये: तिन्ही ऋतूंनंतर

गेल्या दिवाळीच्या सुमारास कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीहून दोन घोंगड्या आणल्या. मोठी हॉलमध्ये अंथरायला आणि लहान, पांढऱ्या काठाची, सोफ्यामागच्या भिंतीवर लावायला. आता पावसाळाही सरत आलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, ती हातानं कातून सनगर समाजाचे विणकर खड्ड्याच्या मागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायच्या हातमागावर, विणतात. काळा रंग मेंढीचाच, त्यामुळे तो फरशीला लागायची भीती नाही. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ दिलेली असते, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि तिला वासही येतो. रिठ्याच्या थंड पाण्यात एकदा धुतल्यावर वास बराच गेला. वापरून ती मऊही पडली, म्हणजे घोंगडीच्या मानानं मऊ! उघड्या पोटऱ्यांना अजून टोचतेच. गुबगुबीत गालिचा हवा असेल त्यांनी या वाटेला जाऊच नये. आणि घरकामाला येणाऱ्या ताईंना आधीच सांगून ठेवा: गरम पाणी नको, मशीन तर नकोच. लोकर आटते.

सुरुवातीचे काही आठवडे तंतू गळत होते. गुळगुळीत टाइल्सवर सरकते, म्हणून खाली जाळीची रबरी चटई टाकली. चहा सांडला तर थेंब थोडा वेळ वरच राहतो, लगेच टिपून घेतला की डाग पडत नाही. याच लोकरीच्या घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन धनगर पावसात उभे राहतात, त्यामुळे नवल वाटलं नाही. ऐन पावसाळ्यात, दारं-खिडक्या बंद असताना, मेंढरांचा वास परत येतो. मला चालतो. सासूबाईंना नाही.

खरा फरक दोन्ही घोंगड्यांच्या तब्येतीत पडला. जमिनीवरची रोज तुडवली जाते, दर रविवारी गच्चीवर नेऊन झटकली जाते. तिला काही झालेलं नाही. भिंतीवरची नुसती शोभेला, कुणाचा हात न लागलेली. जुलैत उतरवली तर मागच्या बाजूनं कसर! दोन-तीन ठिकाणी आरपार भोकं. कसरीची अळी अंधारात, कुणी न हलवलेल्या लोकरीवरच पोसते, आणि भिंत व घोंगडी यांच्यामधली फट तिला आयतीच मिळाली. कडक ऊन मिळेपर्यंत थांबावं लागलं. मग दोन्ही बाजूंनी उन्हं दाखवली, ब्रश मारला आणि ती दिवाणावर टाकली, लोळायला. हौसेनं भिंतीवर लावणार असाल तर महिन्यातून दोनदा तरी उतरवून झटकायची तयारी ठेवा. नुसता कडुलिंबाचा पाला खोचून भागत नाही, मी खोचला होता.

घेताना एक तपासणी जरूर करा. काठाचा एक धागा ओढून काडीनं पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून टणक गोळी झाली तर सिंथेटिक मिसळलंय. माझ्या मैत्रिणीनं एका ऑनलाइन दुकानातून 'अस्सल हातमाग' म्हणून मागवलेल्या घोंगडीची गोळीच झाली, आणि किंमत माझ्या घोंगडीपेक्षा जास्त.

मोठीला तीन हजारांच्या आसपास पडले. कातण्यापासून सगळं हातानं होतं हे पाहिल्यावर घासाघीस करायचं धाडस झालं नाही. दिवाणासाठी आणखी एक घेणार आहे, या वेळी करड्या रंगाची; काळीवर आमच्या मांजराचे पांढरे केस फार दिसतात.