तेल लावायचं की अंडी बदलायची? तळ्याकाठच्या कॅनडा गीजसाठी निवड करताना

न्यू जर्सीत तळं असलेल्या पार्कालगत राहणाऱ्या आपल्या मंडळींपुढे हा प्रश्न हिवाळा सरता सरता येतो. एचओएची (घरमालकांच्या संघटनेची) किंवा पार्क समितीची बैठक होते, गीजचा, म्हणजे तळ्याकाठी राहणाऱ्या हंसासारख्या मोठ्या पक्ष्यांचा विषय निघतो, त्यांची संख्या वाढू नये म्हणून अंड्यांतून पिल्लं निघू द्यायची नाहीत आणि हे काम स्वयंसेवकांनी करायचं असं ठरतं. मग कुणीतरी विचारतं की अंड्यांना तेल लावायचं, की खरी अंडी उचलून त्यांच्या जागी लाकडी ठेवायची? आमच्या तळ्यावर मी दोन्ही केलं आहे आणि आता तेलच लावतो. तरी प्रत्येक तळं वेगळं, घरट्यांच्या जागा वेगळ्या, माणसंही वेगळी. तेव्हा माझं मत त्या हिशेबानेच घ्या.

अंड्यांना हात लावायचाच कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मलाही हे काम हलकं वाटत नाही. पण दुसरी वाट कुठे जाते ते न्यूयॉर्कने पाहिलं आहे. जानेवारी २००९ मध्ये गीज इंजिनात शिरल्याने एक विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. पुढच्या वर्षी जुलैत ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधले सुमारे ४०० गीज पकडून कार्बन डायऑक्साइड वायूने मारले गेले. उन्हाळ्यात जुनी पिसं झडून नवी येईपर्यंत हे पक्षी काही आठवडे उडूच शकत नाहीत, त्यामुळे त्यांना हाकलत कुंपणात नेणं सोपं असतं. विमानाच्या इंजिनात सापडलेल्या पिसांचा अभ्यास स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला, तेव्हा ते गीज कॅनडातल्या लॅब्राडोर भागाकडचे, स्थलांतर करणारे निघाले होते. पार्कात बारमाही राहणाऱ्यांचा त्यात संबंध नव्हता. एप्रिलमध्ये अंड्यांकडे लक्ष दिलं तर जुलैत अशी वेळ येण्याची शक्यता कमी होते, एवढ्यासाठी मी हे काम करतो.

आणि हे बारमाही गीज इथे आले कसे, तेही ध्यानात ठेवायला हवं. शिकारी पूर्वी जिवंत गीज आमिष म्हणून पाळत. १९३५ मध्ये त्यावर बंदी आली आणि ते पक्षी मोकळे सोडले गेले. कॅनडा गीजची सर्वांत मोठी जात नामशेष झाली असं धरलं जात होतं, ती १९६२ मध्ये मिनेसोटातल्या रॉचेस्टरला सापडली. त्यानंतर ठिकठिकाणच्या सरकारी खात्यांनी ती वाढवून सोडली. त्यात आपण पाण्याच्या काठापर्यंत लॉन लावलं. कोवळं गवत, समोर पाणी, लपून बसायला शत्रूला जागा नाही. त्यांना आणखी काय हवं? त्यांचा यात काही दोष नाही, म्हणून कामही जपूनच करायला हवं.

आता दोन्ही पद्धतींना लागू असलेल्या गोष्टी थोडक्यात. अंडी नुसती उचलून नेली तर मादी पुन्हा घालते, निदान हंगाम लवकरचा असेल तर नक्की प्रयत्न करते. म्हणून घरट्यात तिला अंडी दिसली पाहिजेत. साधारण पाच-सहा अंडी असतात. शेवटचं घातल्यावर ती बसते ती २८ दिवसांच्या आसपास. नर उबवत नाही, पहारा देतो, आणि तो पहारा गंमत नाही. दोघांनी मिळून जायचं, त्यातल्या एकाने फक्त मोठी छत्री उघडून मध्ये धरायची. अंड्यांना हात लावणाऱ्याने पक्ष्यांकडे बघायचंच नाही, ते काम छत्रीवाल्याचं. फेडरल फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे जमिनीच्या मालकाच्या नावाने ऑनलाइन नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते, ती नसेल तर घरट्याला हात लावणं गुन्हा आहे. कॅनडात राहणाऱ्यांसाठी परवान्याची व्यवस्था वेगळी आहे, तिथे कॅनेडियन वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे जावं लागतं.

आणि पाण्याची चाचणी. घरी शिळं अंडं ओळखायला आपण पाण्यात टाकून बघतो ना, तसंच इथेही बादलीतल्या पाण्यात अंडं अलगद सोडायचं. बुडालं तर आत वाढ फारशी झालेली नाही, काम करता येतं. तरंगून वर आलं तर १४ दिवस उलटले आहेत असं धरायचं, पुसून परत ठेवायचं आणि त्या घरट्याला त्या वर्षापुरतं सोडून द्यायचं. तेल असो वा लाकडी अंडं, यात सूट नाही. माझ्या मते या चाचणीवर जो घाई करतो त्याने या कामात येऊच नये.

तेलाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, हीच त्याची मोठी बाजू. दुकानातलं साधं मक्याचं तेल, शंभर टक्के मक्याचं, मिश्रण नको. चाचणीतून काढलेलं अंडं फडक्याने कोरडं करायचं, हातमोजे घातलेल्या बोटांनी सगळीकडून तेल चोळायचं, पेन्सिलीने खूण करायची आणि होतं तसं पिसांत ठेवून वरून तिनेच अंथरलेली मऊ पिसं पांघरायची. कवचावरची बारीक छिद्रं बुजतात, आत हवा जात नाही आणि वाढ थांबते. अंडं बाहेरून तसंच राहतं, मादी परत येऊन बसते. फवारणीच्या बाटलीने काम लवकर होतं असं काही जण म्हणतात. मला चोळणं बरं वाटतं, कारण फवाऱ्यात एखादी बाजू सुटते आणि जादा तेल घरट्यातल्या पिसांना लागतं, तिथून तिच्या छातीला. खुणेचा उपयोग दुसऱ्या फेरीत होतो: खूण नसलेलं अंडं म्हणजे आपण गेल्यानंतर घातलेलं.

तेलाची दुखरी बाजूही आहे. रॅकूनला किंवा कोल्ह्याला तेल लावलेलं अंडं आणि साधं अंडं सारखंच. त्याने घरटं लुटलं की सगळी मेहनत गेली, मादी दुसरीकडे नवीन घालते आणि ते घरटं पुन्हा शोधायचं. शिवाय अंडी आत सडतात. एखादं फुटलं तर वास बराच काळ जात नाही. तळ्याच्या कोपऱ्यातल्या लव्हाळ्यात कुणाला त्याचा त्रास होत नाही, पण कुणाच्या दाराशी असेल तर होईल.

लाकडी अंड्यांची कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती जास्त सभ्य वाटली होती. ती सडत नाहीत, फुटत नाहीत, रॅकूनच्या काही कामाची नाहीत. नीट धुऊन ठेवली तर पुढच्या वर्षी परत वापरता येतात. मादी ती स्वीकारते, याबद्दल मला तरी शंका उरलेली नाही. आकार आणि रंग जवळपास असला की ती चोचीने सरकवून पोटाखाली घेते. प्लास्टिकचीही मिळतात, पण ती हलकी असल्याने घरट्यातून घरंगळली की पाण्यावर तरंगत निघतात, म्हणून घेतली तर लाकडीच घ्यावीत. सुरुवातीचा खर्च मात्र आहे. एका चांगल्या लाकडी अंड्याच्या किमतीत तेल भरपूर येतं, आणि एका घरट्याला पाच-सहा लागतात. घरटी दहा असतील तर समितीच्या खजिनदाराला विचारावं लागेल.

पण माझं मत पैशाने ठरलं नाही. ठरलं ते उचललेल्या खऱ्या अंड्यांमुळे.

तेल लावताना अंडी घरट्याजवळच राहतात. बदलताना ती न्यावी लागतात. आमचं पार्क म्हणजे तळ्याभोवती डांबरी वाट, त्या वाटेवर सकाळी चालणारे आजी-आजोबा, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं. घरट्यापासून गाडीपर्यंत जायला दुसरा रस्ता नाही. बादलीवर झाकण ठेवलं तरी नर मागे मागे वाटेपर्यंत येतो, मान लांब करून फूत्कारतो, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा बादलीकडे जातातच. लोक थांबवतात. काही जण नुसतं विचारतात, काही जण रागावतात, एखादा फोन काढून चित्रण करतो. नोंदणीचा कागद मी खिशात ठेवतोच आणि समजावून सांगायला मला कंटाळा नाही. पण एखादी मुलगी बादलीत काय आहे असं विचारते आणि झाकण उघडायला सांगते, तेव्हा मला उत्तर सुचत नाही. खोटं सांगायचं नाही आणि सात वर्षांच्या मुलीला सगळं खरंही सांगायचं नाही, यात मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं.

आणि पुढे? ती अंडी विकता येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत, विल्हेवाट लावायची. कचऱ्याच्या डब्यात टाकणं मला जमत नाही. म्हणजे पुरायची. एप्रिलमधली इथली माती ओली, चिकट, मुळांनी भरलेली. उथळ पुरलं तर रात्रीतून रॅकून उकरून काढतो, सकाळी वाटेवर कवचं. म्हणून खोल खणायचं, तेही परवानगी असलेल्या जागीच. काही अंडी हाताला अजून ऊबदार लागतात. हे काम करताना आमच्या गटात कुणी कुणाशी बोलत नसे. दुसऱ्या वर्षी दोघे जण यायचेच थांबले आणि मी त्यांना दोष देत नाही. तेलात ही बादली नाही, हा खड्डा नाही. घटना तीच, पण ती घरट्यातच, पिसांखाली घडते. परिणाम एकच असेल तर कामाला येणारी माणसं टिकणं मला महत्त्वाचं वाटतं. हे काम एका वर्षाचं नसतं. मोठे गीज वीस-वीस वर्षं जगतात आणि पुन्हा त्याच जागी घरटं करतात, तेव्हा स्वयंसेवक दर वसंतात यायला हवेत.

लाकडी अंड्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मला प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती आईने माझ्या लक्षात आणून दिली. आई दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून उन्हाळ्यात आली होती. आपल्याकडे महाराष्ट्रात गीज म्हणजे जायकवाडीला नाहीतर नांदूर मध्यमेश्वरला थंडीत येणारे पट्टकादंब. ते पाहुणे. त्यांची घरटी लडाखच्या, तिबेटच्या तळ्यांकाठी, त्यामुळे अंड्यांवर बसलेली मादी तिने कधी पाहिली नव्हती. रोज चालायला गेली की ती एका घरट्यापाशी थोडी लांब उभी राहायची. एकदा म्हणाली, “अरे, ही किती दिवस बसणार? तिला कुणी सांगणार आहे का?” मी म्हटलं, आई, ती स्वतःच उठेल. “स्वतःच उठेल म्हणजे कधी? खात नाही, पीत नाही, वाळून गेलीये बघ.”

तिचं बरोबर होतं. उबवण्याच्या काळात मादीचं वजन बरंच उतरतं आणि अंडी फुटलीच नाहीत तर काही माद्या २८ दिवसांनंतरही बसून राहतात. लाकडी अंडी परत आणायची असल्याने त्या घरट्यावर एक ठरलेली शेवटची फेरी होतेच. अंडी उचलली की ती उठते, चरायला जाते. तेलाच्या घरट्यावर अशी फेरी आपोआप होत नाही. मी आता मेच्या उत्तरार्धात एक चक्कर मारतो. कुणी अजून बसलेली असेल तर अंडी बाजूला काढून तिथेच लव्हाळ्यात ठेवतो. इतक्या उशिरा ती सहसा नव्याने घालत नाही, कारण पुढे पिसं झडायचे दिवस असतात. आमच्याकडे बहुतेक माद्या त्याआधीच निघून गेलेल्या असतात. पण ज्या गटाला मेमध्ये पुन्हा जायला जमणार नाही त्याने तेलाबद्दल दोनदा विचार करावा.

तर लाकडी अंडी कुठे घ्यावीत? घरटी एक-दोनच असतील तिथे. इमारतीच्या गच्चीवर किंवा ऑफिसच्या दाराशी कुंडीत घरटं असेल तिथे, कारण सडलेलं अंडं तिथे चालणार नाही आणि मागच्या दाराने बादली नेता येते. रॅकून फारच असतील तिथेही. आणि खणायला स्वतःची मोकळी जमीन असेल तर माझी अडचण तुम्हाला येणारही नाही. सार्वजनिक पार्क, बरीच घरटी, वर्दळीची वाट आणि नोकरी सांभाळून येणारे स्वयंसेवक असं चित्र असेल, तर मी तेल सुचवेन.

कुत्र्यांबद्दल विचारलं जातं म्हणून एक ओळ: बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला फिरवून गीज उठवता येतात, पण ते घरटं करायच्या आधी. मादी बसल्यावर कुत्रं जवळ आणायचं नाही. आणि काठाचं गवत गुडघ्याच्या वर वाढू दिलं तर पुढच्या वर्षी मुळात घरटीच कमी होतात असा आमचा अनुभव आहे. समितीत आधी त्यावर बोला, मग तेल आणि अंड्यांवर.

नोंदणी १ मार्च ते ३० जून या काळातल्या कामापुरतीच असते आणि किती घरटी हाताळली त्याचा अहवाल ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो. घरट्यांचा नकाशा मार्चअखेर काढून ठेवा, कारण एप्रिलमध्ये झुडपांना पालवी फुटली की कोपऱ्यातली घरटी दिसत नाहीत आणि पाण्याच्या चाचणीची वेळ निघून जाते.