राणीछाप, लक्ष्मीछाप की सीलबंद चोख: साठवायची चांदी कोणती?

पाव-अर्धा किलो चांदी घेऊन दहा वर्षं कपाटात ठेवायची, एवढंच ठरलेलं असतं. सराफाच्या दारात गेल्यावर मात्र गोंधळ होतो. लक्ष्मी-गणपतीची नाणी समोर येतात, प्लास्टिकच्या कार्डात बंद केलेली कंपनीची नाणी येतात आणि ओळखीचा सराफ असेल तर आतल्या डब्यातून राणीछाप कलदार, म्हणजे ब्रिटिश काळातले चांदीचे रुपयेही निघतात. चांदी तिन्हींत आहे. पण विकायला गेल्यावर हातात काय पडतं, यात मोठा फरक आहे.

हा फरक मला आईच्या डब्याने शिकवला. दर धनत्रयोदशीला तिने एकेक नाणं घेतलं होतं, पाच ग्रॅम, दहा ग्रॅम असं. घरात गरज पडली तेव्हा सगळी मोडायला नेली. निम्म्या नाण्यांवर शुद्धतेचा शिक्काच नव्हता आणि पावत्या कधीच हरवल्या होत्या. सराफाने कस लावला, तीन-चार नाणी बाजूला काढली, उरलेल्यांवर बट्टा लावला. घेताना दिलेली घडणावळ तर हिशेबात कुठेच नव्हती. त्या माउलीने वर्षानुवर्षं घरखर्चातून वाचवलेले पैसे होते ते, म्हणून हे लिहिताना आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही.

समजा चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये आहे. हा आकडा फक्त हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतला आहे. दहा ग्रॅमच्या नक्षीदार नाण्यावर घडणावळ १५ टक्के लावली, वर ३ टक्के जीएसटी, म्हणजे १,००० रुपयांच्या चांदीला साधारण १,१८५ रुपये गेले. मोडताना सराफाने ५ टक्के कापले तर ९५० हातात. नुसती मुद्दल परत यायला भाव जवळजवळ २५ टक्के वाढावा लागेल. आता तोच हिशेब १०० ग्रॅमच्या साध्या नाण्याचा करा. घडणावळ ५ टक्के आणि परतीची कपात ३ टक्के धरली, तर साडेअकरा टक्के वाढीतच मुद्दल सुटते. दुकानागणिक टक्के बदलतील, पण लहान नाण्याला ग्रॅममागे घडणावळ जास्त पडते हे कुठेही गेलात तरी खरं. पाच ग्रॅमची वीस नाणी घेण्यापेक्षा १०० ग्रॅमचं एक घ्या. फार तर ५० ग्रॅमची दोन घ्या, म्हणजे गरजेपुरतं एक मोडता येईल.

लक्ष्मीछाप नाणं पूजेसाठी घ्या, बारशाला द्या, त्याला माझी ना नाही. साठवणुकीसाठी घेत असाल तर ९९९ चा, म्हणजे हजार भागांत ९९९ भाग चांदी असल्याचा शिक्का पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चांदीचं हॉलमार्किंग आपल्याकडे ऐच्छिक आहे, त्यामुळे शिक्का मागून घ्यावा लागतो. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ हे शब्द ऐकलेत तर सरळ उठा. तांबं, निकेल आणि जस्ताचा तो मिश्रधातू आहे, त्यात चांदी नसते.

सीलबंद नाण्यांत एमएमटीसी-पॅम्प या कंपनीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांची शुद्धता ९९९.९. ग्राहक या जादा नवावर भुलतात. ९९९ आणि ९९९.९ यांतला फरक १०० रुपयांमागे नऊ पैशांचा आहे, तेवढ्यासाठी जास्त मोजू नका. जास्त मोजायचेच तर पाकिटासाठी आणि खात्रीसाठी मोजा, कारण सील शाबूत असेल तर कसाची घासाघीस कमी होते. मात्र गल्लीतला सराफ पाकिटाचे पैसे देत नाही, तो वजन बघतो. म्हणून घेण्याआधीच विचारा: परत घेणार का, कोणत्या भावाने, किती कापून? उत्तर पावतीवर लिहून देणारा सराफ मला मोठ्या नावापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

आता राणीछाप. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे थोडं सावधपणे सांगतो. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांचे रुपये एक तोळ्याचे, म्हणजे ११.६६ ग्रॅमचे, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचे. एका रुपयात चोख चांदी १०.६९ ग्रॅम. वरच्या भावाने १,०६९ रुपयांची झाली. खरी मेख सहाव्या जॉर्जच्या रुपयात आहे. १९४० पासून सरकारने त्यातली चांदी निम्म्यावर आणली. आकार तोच, वजन तेच, पण चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदीच नाही. ढिगातून घेताना आधी साल वाचा, राजाचा चेहरा नंतर.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाचा हाली शिक्का, म्हणजे हैदराबाद संस्थानाचा रुपयाही सापडतो. महबूब अली खान या निजामाच्या काळातला चारमिनार छाप रुपया ११.१८ ग्रॅमचा, ८१.८ टक्के चांदीचा. त्याला राणीछापाच्या भावात घेऊ नये आणि देऊही नये.

कलदारांत घडणावळ नसते, हा त्यांचा मोठा गुण. पण झिजेने वजन घटतं आणि खोटी नाणीही खूप फिरतात, म्हणून तराजू जवळ हवा. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया मिळाला तर मोडीत घालू नका. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला आणि सरकारला चित्र बदलावं लागलं. असं नाणं संग्राहकाला दाखवावं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, तेव्हा परदेशी लेकीकडे जाताना ते सामानात टाकू नका.

परदेशी असलेल्यांचा हिशेब वेगळा. अमेरिकन ईगल हे तिथलं चांदीचं नाणं १९८६ पासून निघतं, ९९९ शुद्धतेचं, एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅमचं. तिथे ते सगळ्यांना ओळखीचं असल्यामुळे विकायला सोपं, पण चांदीच्या भावावर जादा रक्कमही त्यालाच जास्त पडते. कॅनडाचं मेपल लीफ ९९९.९ चं आणि बहुधा त्याहून स्वस्त मिळतं; फक्त त्याच्या पृष्ठभागावर दुधाळ डाग पडण्याची तक्रार जुनी आहे. निव्वळ चांदी धरून ठेवायची असेल तर डागाने काही बिघडत नाही. ब्रिटनमध्ये राहत असाल तर विचार न करता ब्रिटानिया घ्या. ते तिथलं कायदेशीर चलन असल्याने विक्रीच्या नफ्यावर भांडवली कर लागत नाही. मात्र २०१२ पर्यंतची ब्रिटानिया ९५८ शुद्धतेची आहेत, ९९९ ची २०१३ पासून. ही नाणी भारतात आणून विकायचा बेत मात्र करू नका. सामानातल्या दागिन्यांची शुल्कसवलत नाण्यांना मिळत नाही आणि इथला सराफ ईगललाही वजनाचाच भाव देतो.

कुणी विचारेल, मग एक किलोची वीटच का नको? तिला घडणावळ सगळ्यात कमी, हे खरं. पण ती तुकड्याने मोडता येत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार चांदीच्या नाण्यांवर ५०० ग्रॅमच्या मर्यादेत कर्ज मिळू शकतं, विटेवर नाही. अडीनडीला साठवणारा माणूस चांदी विकण्याआधी गहाण ठेवायचा विचार करतो, म्हणून अर्धा किलोपर्यंत मी नाण्यांच्याच बाजूने आहे. आणि घरात काहीच ठेवायचं नसेल, नुसत्या भावात रस असेल, तर २०२२ पासून आपल्याकडे चांदीचे ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारे फंड आहेत.

मी स्वतः काय घेतो? १०० ग्रॅमची साधी, सीलबंद, ९९९ ची नाणी. पावती वेगळ्या जागी आणि तिचा फोटो मुलीच्या फोनवर. दोन वर्षांनंतर विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, तेव्हा खरेदीचा आकडा सिद्ध करायला तीच पावती लागते. रबरबँड लावून ठेवू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पूजेची नाणी दिवाळीला रांगोळीने घासा, हरकत नाही. राणीछाप मात्र घासू नका. तिच्या केसांच्या बारीक रेघा आणि मुकुटावरची नक्षी एकदा घासून गेली की संग्राहक ते नाणं परत ठेवतो आणि उरतो तो फक्त वजनाचा भाव.