नीतिमत्तेची एक दिवसाची कार्यशाळा : सकाळ वाया, दुपार वसूल

आमच्या भोसरीच्या कारखान्यात गेल्या महिन्यात पुण्यातल्याच एका प्रशिक्षण संस्थेने ‘कामाच्या ठिकाणची नीतिमत्ता’ या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा घेतली. पुढे तक्रारी असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. मात्र ज्यांना अशी कार्यशाळा ठेवायची आहे, त्यांनी काय मागून घ्यावे हे यावरून कळेल.

सकाळचे अडीच तास सुविचारांत गेले. दीपप्रज्वलन, सत्यवादी राजा हरिश्चंद्र, मग हात पुढे करून सर्वांनी घेतलेली शपथ आणि तिच्या फ्लेक्सवर सह्या. चुकीचे वागणाऱ्याला बरोबर काय ते ठाऊक नसते, असे या सत्रात गृहीत धरले होते. मी गुणवत्ता विभागात काम करतो आणि न मोजता रीडिंग भरू नये हे आमच्याकडे कालच लागलेल्या ट्रेनीलाही माहीत असते. तरीही महिनाअखेरीस पंचवीस मिलिमीटरच्या शाफ्टच्या रिपोर्टवर २४.९८, २४.९९, पुन्हा २४.९८ असे आकडे पाळीपाळीने उतरतात आणि जाडी मोजायचा मायक्रोमीटर डबीतच राहतो.

जेवणानंतर त्याच प्रशिक्षकांनी वेगळाच सूर लावला. घरी सांगता येणार नाही असे कामावर शेवटचे काय केले, तेव्हा किती वाजले होते आणि शेजारी कोण उभे होते, एवढेच त्यांनी निनावी चिठ्ठीवर लिहायला लावले. चिठ्ठ्या वाचून दाखवल्या तेव्हा हॉलमध्ये शांतता पसरली, कारण बहुतेकींत माल न्यायची गाडी गेटवर उभी होती आणि शेजारी सुपरवायझर होता. माझीही त्यांतच होती.

त्यानंतर त्यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला एक प्रयोग सांगितला, ज्याचे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झाले. धर्मशास्त्राचे विद्यार्थी भाषण द्यायला निघाले असताना त्यांच्या वाटेत एक माणूस विव्हळत बसवला होता. हाताशी वेळ आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले, उशीर झाला आहे असे ऐकलेल्यांपैकी १० टक्के, आणि भाषण बायबलमधल्या परोपकाराच्या गोष्टीवर असले-नसले तरी त्यात फारसा फरक पडला नाही. पाठोपाठ वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेचे प्रकरण आले : विक्रीचे टार्गेट गाठण्यासाठी ग्राहकांना न विचारता उघडलेली खाती, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांची बडतर्फी आणि २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड. टार्गेट ठरवणाऱ्यांचे काय, हा आमच्या स्टोअरकीपरचा प्रश्न मला त्या दिवसातला सर्वांत मोलाचा वाटला.

त्याला उत्तर मिळाले नाही, कारण ते ज्यांनी द्यायचे ते साहेब दिवा लावून चहाच्या आधीच निघून गेले होते. माझी मोठी तक्रार हीच आहे. तपासणीत मालाचा लॉट अडवला तर सकाळच्या मीटिंगमध्ये ‘किती गेले?’ हे आधी विचारले जाते की ‘काय सापडले?’ हे, यावर इन्स्पेक्टरचे वागणे ठरते, आणि तो प्रश्न विचारणारा माणूसच खुर्चीत नव्हता. कंत्राटी कामगारांनाही बोलावले नव्हते. रीडिंग बहुतेक तेच भरतात.

तक्रारीच्या सोयीवर दहाच मिनिटे मिळाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध कंपन्यांना गैरप्रकार कळवण्याची व्यवस्था ठेवणे बंधनकारक केले आहे आणि कळवणाऱ्याला त्रास होऊ नये अशी तरतूदही त्यात आहे. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यावर तशी सक्ती नाही. तरी आमच्याकडे पेटी आहे, एचआरच्या केबिनबाहेर, बरोबर कॅमेऱ्याखाली.

बाकी मराठी स्वच्छ, जेवण ठीक. तारीख मात्र २९ होती, त्यामुळे डिस्पॅचवाल्यांचे फोन दिवसभर वाजत राहिले. संस्थेला पुन्हा बोलवायचे घाटते आहे. फक्त दुपारचे सत्र घ्यावे, साहेबांनी शेवटपर्यंत बसावे आणि तारीख दहाच्या आतली असावी, अशा तीन अटी मी लिहून दिल्या आहेत. त्यांपैकी तारखेची मान्य झाली आहे.